थट्टेची वस्तू आणि खेळणे : सीमाशुल्काच्या एका शीर्षाची अर्थमीमांसा

सीमाशुल्काची सूची हे वाङ्मय नव्हे, हे सांगावयास नको. तथापि ती भाषेतच लिहिलेली असते, आणि जगातील यच्चयावत विक्रेय वस्तूंना नावे देण्याचा तिच्याइतका पद्धतशीर प्रयत्न क्वचितच आढळेल. कोशकार शब्दाचा अर्थ चुकीचा देईल तर टीकाकार त्यास दोष देतील. शुल्कसूचीतील शब्दाचा अर्थ चुकला तर कोणास तरी पैसे मोजावे लागतात. अर्थशास्त्रज्ञांनी व विधिज्ञांनी या सूचीचा पुष्कळ विचार केला आहे. भाषेच्या अभ्यासकांनी मात्र तिच्याकडे जवळजवळ पाठच फिरविली आहे. प्रस्तुत लेखात तिच्यातील एकच शीर्ष घेऊन त्याची परीक्षा करावयाची आहे. हे शीर्ष म्हणजे ९५०५. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल, कारण त्यात शिंकेची पूड, पाणी उडविणारे फूल यांसारख्या वस्तूंचा विचार आहे. परंतु शब्दाचा अर्थ कोठे शोधावा, हा आपल्या शास्त्रातील मूलभूत प्रश्न याच क्षुल्लक वस्तूंच्या निमित्ताने फार स्वच्छ स्वरूपात उभा राहतो.

१. शीर्षाचा इतिहास व त्यातील अडचण

वस्तूंच्या वर्गीकरणासंबंधीचा पहिला व्यापक आंतरराष्ट्रीय करार १९५० साली ब्रुसेल्स येथे झाला. त्याची जागा घेणारा, ‘हार्मोनाइझ्ड सिस्टीम’ या नावाने ओळखला जाणारा करार तेथेच १४ जून १९८३ रोजी झाला व १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. भारताने आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क सूची अधिनियमाची अनुसूची १९८६ मध्येच या नव्या पद्धतीवर बेतून घेतली. या पद्धतीत पंचाण्णवावे प्रकरण खेळणी, खेळ व क्रीडासाहित्य यांचे आहे. त्यातील शीर्ष ९५०३ मध्ये खेळणी व कोडी येतात. ९५०४ मध्ये बैठ्या खेळांचे व पत्त्यांचे साहित्य येते. आणि ९५०५ मध्ये सण, कार्निव्हल व इतर मनोरंजन यांच्या वस्तू येतात. या शेवटच्या शीर्षाच्या शब्दांतच जादूच्या प्रयोगांची साधने व ‘नॉव्हेल्टी जोक्स’ यांचा समावेश स्पष्टपणे केलेला आहे.

‘नॉव्हेल्टी जोक्स’ म्हणजे काय, याची व्याख्या शीर्षात नाही. पद्धतीच्या विवेचक टिपांत उदाहरणे तेवढी दिली आहेत : शिंका आणणारी पूड, आत भलतेच काही निघणारी मिठाई, कोटाच्या काजात खोवण्याचे व समोरच्याच्या तोंडावर पाणी उडविणारे फूल, आणि जपानी फुले. शेवटची वस्तू म्हणजे घडी घातलेली कागदी फुले. ती पाण्यात टाकली की उमलतात. या मालिकेतील पहिल्या तीन वस्तूंत कोणाची तरी फजिती होते. जपानी फुलाने कोणाचीच फजिती होत नाही. मुले ते वाडग्यात टाकून डोळे विस्फारून पाहतात, इतकेच. मग त्याला ‘जोक’ कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

याचे उत्तर इंग्रजी पाठात सापडत नाही. ते फ्रेंच पाठात सापडते. हा करार इंग्रजी व फ्रेंच या दोन भाषांत झालेला असून दोन्ही पाठ सारखेच प्रमाण आहेत. फ्रेंच पाठात ‘जोक’ हा शब्दच नाही. तेथे ‘आर्तिक्ल-सुरप्रीज’, म्हणजे आश्चर्य घडविणाऱ्या वस्तू, असा शब्दप्रयोग आहे. जपानी फूल हे थट्टा नसले तरी आश्चर्य खचितच आहे. तेव्हा फ्रेंच शब्दाची व्याप्ती मोठी व इंग्रजी शब्दाची लहान, आणि उदाहरणांची यादी मोठ्या व्याप्तीला अनुसरून केलेली, अशी ही स्थिती आहे. फ्रेंच शब्द पाहणाऱ्याच्या मनात काय घडते ते सांगतो. इंग्रजी शब्द वस्तू वापरणाऱ्याचा हेतू सांगतो. दोन प्रमाण पाठ दोन वेगळ्या व्यक्तींकडे बोट दाखवितात. भारतातील सूची इंग्रजी शब्दांवर उभी आहे, आणि येथील अधिकारी व न्यायालये ‘जोक’ याच शब्दाचा अर्थ लावीत बसतात.

२. प्रश्नाचे व्यावहारिक वजन

हा भेद केवळ पंडिती नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात ९५०३ व ९५०५ या दोन्ही शीर्षांवरील मूळ सीमाशुल्क शेकडा १० वरून शेकडा २० करण्यात आले. तोपर्यंत वस्तू कोणत्याही शीर्षात गेली तरी आयातदाराचे फारसे बिघडत नव्हते. २०२० च्या अर्थसंकल्पाने ही समता मोडली. देशी खेळणी-उद्योगाला संरक्षण मिळावे म्हणून ९५०३ वरील शुल्क २० वरून ६० करण्यात आले, व २०२३ मध्ये ते ७० झाले. २०२० ची वाढ ९५०५ ला लागू नव्हती. म्हणजे न्हावाशेव्याच्या बंदरात उतरलेली शंभर रुपये किमतीची एखादी वस्तू खेळणे ठरली तर मूळ शुल्क साठ रुपये आणि थट्टेची वस्तू ठरली तर वीस रुपये, असा फरक पडला. एका शब्दाच्या अर्थावर मूळ किमतीच्या चाळीस टक्के रक्कम अवलंबून राहिली.

यात दुसरी एक बाब मिळाली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्रीय आदेश अमलात आला व भारतीय मानक चिन्हाशिवाय खेळणी आणणे वा विकणे निषिद्ध झाले. या आदेशात खेळणे म्हणजे चौदा वर्षांखालील मुलांनी खेळावे म्हणून योजलेली वस्तू. एखाद्या वस्तूची योजना मोठ्या माणसांच्या थट्टेसाठी आहे असे ठरले, की ती या परीक्षेच्या बाहेर जाते. वस्तुतः मुलांच्या हाती शेवटी दोन्ही पडतात. जत्रेतील पालावर रबरी पाल आणि प्लास्टिकची मोटार एकाच चादरीवर मांडलेली असते, आणि विकत घेणारे मूलही तेच असते. म्हणून शब्दाच्या अर्थाचा प्रश्न हा पैशाचा जसा आहे, तसा मुलांच्या सुरक्षिततेचाही आहे.

३. न्यायालयांची कसोटी

कराच्या कायद्यातील शब्दाची व्याख्या दिलेली नसेल तर त्याचा अर्थ कसा लावावयाचा, याविषयी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला दंडक प्रसिद्ध आहे, आणि त्याचा उगम महाराष्ट्रातल्या एका प्रकरणाशी निगडित आहे. मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्या १९४७ च्या विक्रीकर कायद्यात ‘व्हेजिटेबल्स’ना सूट होती. विड्याची पाने ही ‘व्हेजिटेबल्स’ आहेत काय, असा प्रश्न अकोल्याच्या विक्रीकर अधिकाऱ्यासमोर निघाला व १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्याचा निकाल झाला. वनस्पतिशास्त्राचा अर्थ न घेता लोकांच्या नित्याच्या बोलण्यातील अर्थ घ्यावा, आणि त्या अर्थाने विड्याचे पान ‘व्हेजिटेबल’ ठरत नाही, असा तो निकाल. या कसोटीला आपण ‘लोकव्यवहाराची कसोटी’ म्हणू.

निकाल योग्य होता यात शंका नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अकोल्यातील लोकांच्या नित्याच्या बोलण्यात ‘व्हेजिटेबल’ हा शब्द नव्हता. त्यांच्या बोलण्यात ‘भाजी’ होती आणि ‘पान’ होते. हा वाद मराठीत मांडला असता तर तो उद्भवलाच नसता. भाजी आपण निवडतो, चिरतो, फोडणीला टाकतो. पान आपण लावतो, खातो आणि पाहुण्यापुढे ठेवतो. ज्या क्रिया भाजीशी जडलेल्या आहेत त्यांपैकी, खाण्याखेरीज, एकही विड्याच्या पानाला लागत नाही. लोकव्यवहार येथे नामांत नसून क्रियापदांत साठवलेला आहे. न्यायालयाने लोकव्यवहार हे तत्त्व बरोबर सांगितले. पण तो व्यवहार ज्या भाषेत चालतो ती भाषा न्यायनिर्णयात आली नाही.

दुसरे उदाहरण पंचाण्णवाव्या प्रकरणातीलच आहे. मुंबईच्या प्लेझंटाइम प्रॉडक्ट्स या कंपनीच्या ‘स्क्रॅबल’ या शब्दखेळाविषयी केंद्रीय उत्पादनशुल्काचा वाद २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. उत्पादनशुल्काच्या सूचीतील हे प्रकरणही त्याच आंतरराष्ट्रीय पद्धतीवर बेतलेले होते. स्क्रॅबल हे कोडे मानावे तर ते ९५०३ मध्ये जाई. पटावरचा खेळ मानावा तर ९५०४ मध्ये. न्यायालयाने तो खेळ ठरविला. विवेचनाचा गाभा असा, की कोड्याचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि सोडविणाऱ्याने ते शोधावयाचे असते. स्क्रॅबलमध्ये असे ठरलेले उत्तर नसते.

हा भेद न्यायालयास परिश्रमाने सिद्ध करावा लागला. मराठी बोलणाऱ्यास तो व्याकरणाने आयता दिलेला आहे. कोडे ‘घालतात’, ‘सोडवतात’ आणि ते ‘सुटते’. डाव ‘मांडतात’, तो ‘रंगतो’, आणि आपण तो ‘जिंकतो’ वा ‘हरतो’. कोडे कोणी जिंकत नाही. डाव कोणाला सुटत नाही. शब्दकोडे सोडविणारा एकटा असू शकतो. स्क्रॅबलचा डाव मांडणाऱ्यास साधारणतः गडी लागतो. निकाल तोच येतो, आणि तो कोशाच्या आधाराशिवाय येतो.

४. नियमांची क्रमवारी आणि आपले वैयाकरण

शीर्ष-शीर्षांत विरोध उत्पन्न झाल्यास काय करावे, यासाठी या पद्धतीत अर्थनिर्णयाचे सर्वसाधारण नियम दिलेले आहेत. पहिला नियम असा, की वर्गीकरण शीर्षाचे शब्द व प्रकरणांच्या टिपा यांवरून करावे. एवढ्याने निर्णय न झाला व वस्तू सकृद्दर्शनी दोन शीर्षांत बसत असली, तर तिसरा नियम लागतो. त्याचे तीन टप्पे आहेत. प्रथम, अधिक विशिष्ट वर्णन करणारे शीर्ष सामान्य शीर्षास बाधक. दुसरे, मिश्र वा संयुक्त वस्तू व विक्रीसाठी एकत्र बांधलेले संच यांत ज्या घटकाने वस्तूस तिचे मुख्य स्वरूप येते तो निर्णायक. तिसरे, एवढ्यानेही न भागल्यास अंकांच्या क्रमात शेवटी येणारे शीर्ष घ्यावे.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास हे वाचून ओळखीचे काही दिसल्यावाचून राहणार नाही. विशेषाने सामान्याचा बाध होतो, हे पतंजलीने महाभाष्यात ताकाच्या दृष्टांताने समजावले आहे : सर्व ब्राह्मणांस दही द्यावे असे सांगून कौंडिन्यास ताक द्यावे म्हटले, तर कौंडिन्य ब्राह्मण असूनही त्यास दही मिळत नाही. आणि तुल्यबल सूत्रांच्या विरोधात नंतरचे सूत्र प्रवृत्त होते, हा पाणिनीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादाचा दुसऱ्या सूत्राचा परंपरागत अर्थ आहे. या सूत्रातील ‘पर’ शब्दाचा अर्थ वेगळा घ्यावा असे प्रतिपादन ऋषी राजपोपट यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या आपल्या प्रबंधात केले व २०२२ अखेर त्याची बरीच चर्चा झाली. पण शुल्कसूचीशी साम्य आहे ते परंपरागत अर्थाचे. नागेशभट्टांच्या परिभाषेन्दुशेखरात अपवाद हा सर्वांत बलवान व ‘पर’ त्याहून पुष्कळ दुर्बल मानला आहे. हा ग्रंथ डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमालेत संपादून इंग्रजीत आणला, हे आपल्या वाचकांस परिचित आहेच. शुल्काच्या नियमांतही क्रम तोच : प्रथम विशेष, सर्वांत शेवटी पर.

हे साम्य मनोरंजक असले तरी येथे त्यातील भेद अधिक महत्त्वाचा आहे. पाणिनीने सूत्रांचा क्रम विचारपूर्वक लावला. नंतरचे सूत्र बलवान ठरावे अशीच ती रचना आहे. शुल्कसूचीतील क्रमाला असा अर्थ नाही. ९५०५ हे ९५०३ च्या नंतर येते यात खेळणे व थट्टा यांच्या स्वरूपाविषयी काहीही सांगितलेले नाही. तरीही निर्णय अंकांवर आला तर ९५०५ जिंकते, म्हणजे २०२० नंतर स्वस्त शुल्क जिंकते. ज्या शासनाने खेळण्यांवरील शुल्क वाढविले त्याचा हेतू अशा रीतीने केवळ अंकांच्या योगायोगाने निष्फळ होऊ शकतो. म्हणून निर्णय या शेवटच्या पायरीपर्यंत जाऊ न देता पहिल्याच नियमाखाली, शीर्षाच्या शब्दार्थानेच, लागावा हे इष्ट. त्यासाठी ‘थट्टेची वस्तू’ म्हणजे काय हे निश्चित करावयास हवे.

५. थट्टेचे कारक

येथे मराठीची काही मदत होते काय, ते पाहू. ‘खेळणे’ हा शब्द मराठीत क्रियाही सांगतो व साधनही. लाटणे, उलथणे यांप्रमाणे ते करणवाचक नाम आहे : ज्याने वा ज्याच्याशी खेळावयाचे ते खेळणे. या क्रियेला कर्ता एकच पुरतो. ‘मूल खेळते’ हे वाक्य पूर्ण आहे. खेळणारा व आनंद पावणारा तेथे एकच.

आता ‘थट्टा करणे’ घ्या. ‘त्याने थट्टा केली’ असे म्हणताच ऐकणारा विचारतो, कोणाची? ही षष्ठी वाक्यात नसली तरी अर्थात अनिवार्य आहे. ‘मस्करी’, ‘चेष्टा’, ‘टवाळी’, ‘फजिती’ या सर्व शब्दांचे असेच आहे. त्यांपैकी ‘मस्करी’ अरबी-फारसीकडून आली, पण मराठीत येताच तिनेही ही षष्ठी स्वीकारली. ‘फसवणे’, ‘चकवणे’ या क्रियापदांना ‘कोणाला’ हे कर्म लागते, आणि ‘चकवणे’ हे ‘चकणे’चे प्रयोजक रूप आहे : चकणारा एक, चकवणारा दुसरा. म्हणजे थट्टेच्या वस्तूला दोन माणसे लागतात आणि त्या दोघांचा अनुभव परस्परविरुद्ध असतो. कोटातल्या फुलातून पाणी उडते तेव्हा हसतो तो फूल लावणारा; भिजतो तो दुसरा. आणि या दुसऱ्याला ते आधी ठाऊक असता कामा नये. ठाऊक असेल तर थट्टाच होत नाही.

या ‘ठाऊक असण्या’च्या आधारे ९५०५ मध्ये एकत्र कोंबलेल्या तीन जाती वेगळ्या करता येतात. सणाच्या वस्तूबाबत सर्वांना सर्व ठाऊक असते : शिमग्याचे सोंग घेणारा आणि ते पाहणारा, दोघेही सोंगाला सोंग म्हणूनच ओळखतात. जादूच्या साधनाबाबत प्रेक्षकाला आपण फसविले जाणार हे ठाऊक असते, कसे ते ठाऊक नसते. त्यासाठीच तो तिकीट काढून येतो. थट्टेच्या वस्तूबाबत समोरच्याला फसविले जात आहे हेच ठाऊक नसते. आणि खेळण्यात फसविला जाणारा मुळी कोणी नसतोच. भारताच्या सूचीने आठ अंकी विभागणीत जादूच्या साधनांना ९५०५ ९० १० हा स्वतंत्र क्रमांक दिला व थट्टेच्या वस्तू ‘इतर’ मध्ये लोटल्या. वास्तविक या दोहोंतील भेद जादू व सण यांतील भेदाइतकाच स्पष्ट आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सीमाशुल्काचा अधिकारी वस्तू पाहतो. ती पुढे कोण कशी वापरणार हे तो पाहू शकत नाही. शीर्षातच उपयोगाचा उल्लेख नसेल तर वस्तूच्या अंतिम उपयोगावरून वर्गीकरण करू नये, असेच सर्वसाधारण धोरण आहे. आक्षेप मान्य केला तरी कसोटी बाद होत नाही, कारण येथे शीर्षातील शब्दच उपयोगवाचक आहे. शिवाय थट्टेचा हेतू बहुधा वस्तूच्या रचनेतच कोरलेला असतो. तळहातात लपवून हस्तांदोलन करताना समोरच्याला दचकविणारा ‘जॉय बझर’ घ्या. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एस. एस. ॲडम्स या मूळच्या डॅनिश कारागिराने १९२८ च्या सुमारास तो काढला व १९३२ मध्ये त्यास पेटंट मिळाले. याच ॲडम्सने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिंकेची पूड विकून या धंद्यास आरंभ केला होता. बझर अंगठीसारखा बोटात बसतो व तळहाताकडून लपतो. या लपण्यावाचून त्याच्या यंत्रणेला दुसरा हेतूच संभवत नाही. पाण्याचे फूल बाहेरून फूल असते व आतून पिचकारी असते. मिठाई बाहेरून मिठाई असते. दिसणे आणि असणे यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट, आणि ती फट दुसऱ्यालाच कळू नये अशी योजना, ही दोन्ही जेथे वस्तूवरूनच दाखविता येतील तेथे ९५०५. जेथे येणार नाहीत तेथे ९५०३. अधिकाऱ्यास याहून अधिक काही पाहावयाचे नाही.

६. कसोटीचा उपयोग

काही परिचित वस्तूंवर ही कसोटी लावून पाहू. रबरी साप व रबरी पाल ही मुलांच्या हाती खेळणीही होतात आणि भावंडांना भेवडावण्याच्या कामीही येतात. परंतु त्यांच्या रचनेत लपविलेले असे काही नाही. ती प्राण्यांची प्रतिकृती आहेत, आणि प्रतिकृती असणे हे खेळण्यांचे सामान्य लक्षणच आहे. लाकडी घोडाही घोड्यासारखा दिसतो, म्हणून तो कोणाला फसवितो असे होत नाही. सबब रबरी साप ९५०३ मध्ये. पेटीचे झाकण सरकवताच बोटावर झेपावणारा साप मात्र ९५०५ मध्ये, कारण तेथे पेटी खोटे बोलते.

रंगपंचमीची पिचकारी सणाची खरी, पण तिच्याने भिजणाऱ्याला ती दिसत असते व तोही भिजवावयास सज्ज असतो. तेव्हा ती थट्टेची वस्तू नव्हे. ती सणाची वस्तू की खेळणे, हा प्रश्न उरतो. पण तो वेगळा प्रश्न आहे. टिकल्यांचे पिस्तूल हे खेळणे आहे. त्यातील टिकल्या मात्र या प्रकरणातच येत नाहीत, कारण आतषबाजीच्या वस्तू प्रकरणाच्या टिपेनेच वगळून छत्तिसाव्या प्रकरणात घातल्या आहेत. जपानी फूल आमच्या कसोटीने थट्टेची वस्तू ठरत नाही. तरीही विवेचक टिपांत त्याचे नाव असल्याने ते ९५०५ मध्ये राहील, आणि फ्रेंच पाठ त्यास पाठिंबा देईल. येथे कसोटीची मर्यादा दिसते, व ती लपविण्याचे कारण नाही. कसोटी ‘जोक’ या शब्दाची आहे. ‘सुरप्रीज’ या शब्दाची नव्हे. दोन पाठ जुळविणे हे काम करार करणाऱ्यांचे आहे.

असे जुळविणे अशक्य नसते. १९९० नंतरच्या काळात अमेरिकेत ‘एक्स-मेन’ इत्यादी मालिकांतील छोट्या आकृत्या बाहुल्या मानाव्यात की अन्य खेळणी, असा वाद टॉय बिझ या कंपनीने चालविला. त्या वेळी तेथे बाहुलीवर शेकडा १२ व इतर खेळण्यांवर शेकडा ६.८ शुल्क होते, आणि बाहुली म्हणजे केवळ मानवाकृती असा अर्थ होता. २००३ मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने त्या आकृती मानव नव्हेत असा निर्णय दिला. मराठीत ‘बाहुली’ शब्दाला असा मानवत्वाचा निर्बंध नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांत रामही असतो आणि दशमुखी रावणही. पुढे २००७ च्या सुधारणेत आंतरराष्ट्रीय पद्धतीने ९५०१, ९५०२ व ९५०३ ही तिन्ही शीर्षे ९५०३ मध्ये एकत्र केली, आणि शीर्षाच्या पातळीवर बाहुली व खेळणे यांतील भिंत पडली. भाषेने न मानलेला भेद शुल्कसूचीलाही फार काळ टिकविता आला नाही, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

७. कोणाचा लोकव्यवहार?

लोकव्यवहाराची कसोटी मान्य करताना एक प्रश्न टाळता येत नाही : कोणत्या लोकांचा व्यवहार? आमच्या भिंगारच्या बाजारात मराठी, दखनी व छावणीमुळे आलेली हिंदी एकाच दुकानात एकाच वेळी चालतात. गिऱ्हाईक ‘गंमत’ मागते, दुकानदार ‘मजाक का सामान’ म्हणतो, आणि बिलावर वा आयातपत्रावर इंग्रजीत ‘नॉव्हेल्टी’ लिहिले जाते. न्यायालयापुढे यांतील केवळ तिसरा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ इंग्रजी कोशांतून काढला जातो. ज्या बोलण्याच्या नावाने निर्णय व्हावयाचा ते बोलणेच पुराव्यात नसते. लोकव्यवहाराची कसोटी ही तत्त्वतः भाषावैज्ञानिक कसोटी आहे. ती प्रत्यक्षात कोशवाचनाची कसोटी होऊन बसली आहे, ही आमची तिच्यावरील मुख्य टीका होय.

कौटिल्याच्या काळी ही अडचण कमी होती. प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या आवृत्तीत शुल्काचे प्रकरण पाहावे. तेथे बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः पाचवा हिस्सा, फुले, फळे, भाज्या इत्यादींवर सहावा, आणि निरनिराळ्या मालांवर दहाव्या-पंधराव्यापासून पंचविसाव्यापर्यंत हिस्सा सांगितला आहे. रत्नांसारख्या मालाची पारख त्या त्या विषयाच्या जाणकारांकडून करून घ्यावी असे म्हटले आहे. वर्गीकरण मुख्यतः द्रव्यावरून आहे, हेतूवरून नाही. आणि जेथे संशय तेथे जाणकार आहे. आजची सूची हेतूवरून वर्गीकरण करते, पण शब्दाच्या अर्थासाठी शब्दाच्या जाणकारास बोलावीत नाही.

हे बदलण्यासाठी आपल्या विभागांना करता येण्यासारखे काम आहे. केंद्रीय कायद्यांचे प्रादेशिक भाषांतील प्राधिकृत पाठ करण्याची तरतूद १९७३ च्या अधिनियमाने झालेली आहे. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषेचे कार्य करीत आले आहे. परंतु परिभाषा म्हणजे इंग्रजी नामास संस्कृत नाम जोडणे, ही सवय आपणांस सोडावी लागेल. ‘नॉव्हेल्टी जोक’ला ‘नवविनोद’ असा प्रतिशब्द दिल्याने काहीच साधणार नाही. त्यापेक्षा ‘चकव्याची वस्तू’ हा शब्द अधिक योग्य. रानात वाट चुकविणारा चकवा मराठी माणसास ठाऊक आहे, आणि चकवा ‘लागतो’ तो नेहमी अजाण वाटसरूलाच. ९५०५ मधील थट्टेच्या वस्तूचे व्यवच्छेदक लक्षण या एका शब्दात आपोआप येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे एक मर्यादित व सिद्ध होण्याजोगा विषय आहे. पंचाण्णवाव्या प्रकरणातील वस्तूंची मराठी नामे घ्यावीत, प्रत्येक नामाशी बोलण्यात कोणती क्रियापदे येतात याची बाजारांतून, जत्रांतून व घरांतून नोंद करावी, आणि त्या क्रियापदांना किती व कोणती कारके लागतात ते तपासावे. कोडे व डाव, भाजी व पान, खेळणे व थट्टा या तीन जोड्यांत ही रीत उपयोगी पडली, एवढे या लेखात दाखविले आहे. ती आणखी तीस जोड्यांत टिकते काय, हे पाहिल्यावाचून तिला सिद्धान्त म्हणता येणार नाही. टिकली तर लोकांच्या बोलण्याचा हवाला देणाऱ्या न्यायालयापुढे ते बोलणे पुरावा म्हणून ठेवता येईल. न टिकली तर कोठे व का मोडली हेही कळेल, आणि तेही ज्ञानच होय.